सकाळी कुईं, दुपारी ढिम्म: कचऱ्याच्या कॉम्पॅक्टरचा पंप पुन्हा पुन्हा का जातो

सांगलीत शहराच्या गाड्या सांभाळणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी फिटर आहे. घंटागाड्या, टिपर, पाण्याचे टँकर, जेसीबी, ड्रेनेजची सक्शन गाडी, सगळं एकाच शेडखाली येतं. त्यातल्या एका तक्रारीनं आमची दोन वर्षं खाल्ली. मिरज, कराड, सातारा, जिथं जिथं कचऱ्याच्या गाड्यांवर काम करणारे मिस्त्री भेटले तिथं थोड्याफार फरकानं हीच तक्रार ऐकली, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तक्रार अशी. कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी, सकाळी सहाला बाहेर पडतो तेव्हा मागचे जॅक, म्हणजे पंपानं ढकललेल्या हायड्रॉलिक तेलावर आत-बाहेर होणारे दांडे, झपाझप चालतात. दहाच्या पुढं हळूहळू मंद व्हायला लागतात. अकरा-साडेअकराला कचरा दाबणारं फावडं कचऱ्यावर टेकतं आणि तिथंच राहतं. ड्रायव्हर रेस देतो, वीतभर सरकतं, परत थांबतं. गाडी तासभर सावलीत लावली की पुन्हा चालू. वर्कशॉपला आणेपर्यंत तेल निवलेलं असतं, त्यामुळं आमच्यासमोर गाडी ठणठणीत. जॉबकार्डवर ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा पडतो आणि दुसऱ्या दिवशी अकराला परत फोन.

आमच्या दोन नंबरच्या गाडीवर आम्ही काय काय केलं ते आधी सांगतो. पहिल्यांदा तेल बदललं, ४६ नंबरचं काढून ६८ नंबरचं टाकलं. पंधरा दिवस बरं वाटलं. मग रिलीफ व्हॉल्व्हचा (प्रेशर मर्यादेपुढं गेलं की तेल टाकीत परत सोडणाऱ्या झडपेचा) स्क्रू अर्धा आटा आवळला. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी होज (तेलाची रबरी नळी) फुटला आणि भर रस्त्यावर तेल सांडलं. मग पंप बदलला. नवा पंप आल्यावर गाडी अशी पळाली की सगळ्यांना वाटलं, दुखणं गेलं. वर्ष पुरं व्हायच्या आत तो पंपही तसाच झाला. तिसऱ्या पंपाची मागणी लिहायला बसलो तेव्हा हात थांबला. नव्या पंपानं गाडी चालते, म्हणजे पंप खराब होता हे खरं. पण तो खराब कोण करतंय, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

उलगडा झाला तो ड्रायव्हर मामांच्या एका वाक्यानं. ते म्हणाले, “मिस्त्री, दुपारचं तुमी बगतासा, पर सकाळी पीटीओ टाकला की कुईं करून वरडतंय, त्ये कवा बगणार?” पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद हायड्रॉलिक पंपाला जोडून देणारा गिअर. मी जुनी जॉबकार्डं काढली. सकाळच्या आवाजाची तक्रार सात-आठ वेळा लिहिलेली होती, पण वेगळ्या ओळीत, वेगळी तक्रार म्हणून. प्रत्येक वेळी ‘पीटीओला ग्रीस केले’ असा शेरा. सकाळचा आवाज आणि दुपारची सुस्ती हे एकाच दुखण्याचं कारण आणि परिणाम आहेत, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या गाडीला या दोन्ही तक्रारी असतील तर पुढचं नीट वाचा.

पण पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी कुणालाही सोडू देत नाही. कॉम्पॅक्टरच्या मागच्या हौदात उतरायचं किंवा उघड्या टेलगेटखाली जायचं, तर इंजिन बंद, पीटीओ बाहेर, किल्ली काढून आपल्या खिशात, बॅटरी कटऑफ बंद आणि टेलगेटचा आधारदांडा लावलेला. जॅकच्या भरवशावर टेलगेट उचलून धरून खाली जायचं नाही. एक होज सुटला की टेलगेट सूचना देऊन खाली येत नाही. होज सोडण्याआधी फावडं खाली टेकवून, इंजिन बंद ठेवून सगळे लिव्हर चार-पाच वेळा पुढं-मागं करा, आत कोंडलेलं प्रेशर उतरतं. आणि बारीक गळती शोधायला होजवरून हात कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. दीडशे बार प्रेशरनं सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत जाते. सुरुवातीला दुखतही नाही, नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो. असं झालं तर पट्टी बांधून कामाला लागायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं आणि ‘हायड्रॉलिक तेल प्रेशरनं आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. त्याला लवकरात लवकर चिरून साफ करावं लागतं, उशिरानं बोट जातं, हातही जातो.

आता तपासणी.

गाडी वर्कशॉपला बोलावू नका, तुम्ही गाडीकडं जा. मी अकराला मंडईपाशी गेलो, तेल गरम असताना. सोबत फक्त तीन वस्तू: मोबाईलमधलं घड्याळ, ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज आणि टेम्परेचर गन. घड्याळानं रिकाम्या हौदावर एक पूर्ण फेरा मोजला. सकाळी सहाला हाच फेरा आम्ही २४ सेकंदांचा मोजला होता, अकराला तो ५१ सेकंदांचा भरला. दोन्ही वेळा इंजिनची रेस तीच हवी, हे विसरू नका. पीटीओ टाकल्यावर रेस आपोआप वाढवणारी केबल ढिली असली तर गाडी निव्वळ त्यामुळंच मंद वाटते, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी पंप उतरवला जातो. हे माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

मग पाहायचं, सगळंच मंद आहे की एकच जॅक. फावडं, सरक (फावड्याला धरून सरकणारा भाग), टेलगेट, बिन उचलणारा हात, सगळे सारखेच मंदावले असतील तर दुखणं सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे: टाकी, सक्शन (टाकीतून पंपाकडं तेल ओढणारी वाट), पंप, मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह. एकच मंद असेल तर पंपाकडं बघूही नका, त्या जॅकचं पिस्टन सील किंवा त्याच्या व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा) बघा. इथं टेम्परेचर गन फार उपयोगी पडते. तेल जिथून आतल्या आत निसटतं ती जागा शेजारच्यापेक्षा गरम लागते. जोडीतला एक जॅक साठ अंश आणि दुसरा पंच्याहत्तर दाखवत असेल, तर कुठला उतरवायचा ते ठरलं. खात्रीसाठी तो जॅक पूर्ण बाहेर काढायचा, इंजिन बंद करून प्रेशर उतरवून रॉडच्या बाजूचा होज सोडायचा, मशीनच्या बाजूचं तोंड प्लगनं बंद करायचं आणि मग माणसं बाजूला ठेवून त्याच दिशेला हळू प्रेशर द्यायचं. सोडलेल्या तोंडातून तेल वाहत राहिलं तर सील गेलेलं आहे.

आमच्याकडं सगळंच मंद होतं. गेज लावला. भरल्या हौदावर सकाळी पूर्ण प्रेशर दिसायचं, दुपारी त्याच्या निम्म्याच्या आसपास सुई थरथरत राहायची. किती बार हवेत ते गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तकात बघा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. अंदाजानं स्क्रू आवळू नका. आम्ही आवळला तेव्हा होज फुटला, होज टिकला असता तर फावड्याचं वेल्डिंग गेलं असतं.

यानंतर जे केलं ते पहिल्या पंपाच्या वेळीच करायला हवं होतं. परतीच्या वाटेवरचा फिल्टर काढला, त्याचा पत्रा हॅक्सॉनं न कापता कातरीनं उघडला, म्हणजे करवतीचा कीस आत पडत नाही, आणि आतला घड्यांचा कागद सोडवून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पसरला. उन्हात धरल्यावर तीन गोष्टी दिसल्या. पहिली, पितळी रंगाची बारीक चमक, चिमटीत घेतली की बोटाला सोनेरी पावडर लागावी तशी. ती पंपाच्या बुशची, म्हणजे आतल्या गिअरना आधार देणाऱ्या भागाची. दुसरी, रबराचे काळे धागे, जॅकच्या सीलचे. आणि तिसरी, ज्यावर माझं लक्ष सगळ्यात उशिरा गेलं ती, करड्या रंगाची माती. दोन बोटांत चोळली की कचकच लागणारी. चमक आणि रबर गाडीच्या पोटातून आलेलं, ते समजलं. पण माती पोटात तयार होत नाही, ती बाहेरूनच येते. मग कुठून?

टाकीच्या डोक्यावर तेल ओतायचं झाकण असतं. ते नुसतं झाकण नसतं, त्यात एक छोटा हवेचा फिल्टर असतो, म्हणून त्याला ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीचं मूळ झाकण कधीतरी तेल भरताना हरवलं होतं आणि पहिल्या पंपाच्या सगळ्या काळात त्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. दुसरा पंप बसवताना आम्ही लेथवर एक झाकण करून घेतलं, त्याला चार भोकं पाडली. पावसाळा लागला. गाडीवरच्या हेल्परनं पाहिलं की भोकांतून पाणी आत जातंय, म्हणून त्यानं त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि सुतळीनं घट्ट बांधली. पोरानं जीव लावून केलेलं काम होतं, मला त्याचा राग आला नाही. त्याला टाकी श्वास घेते हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आमचं होतं.

मी सुतळी कापून पिशवी ओढली तेव्हा टाकीनं ‘फस्स’ करून हवा आत ओढली. तो आवाज ऐकला आणि दोन वर्षांचं कोडं तिथंच सुटलं.

टाकीचा श्वास म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो, म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते कळेल. समजा जॅकचा रॉड ६० मिलिमीटर जाडीचा आणि धाव एक मीटरची. रॉड आत असतो तेव्हा त्याची जागा तेलाला मिळत नाही. रॉड बाहेर गेला की ती जागा भरायला टाकीतलं जादा तेल लागतं, साधारण २.८ लिटर. जोडीनं चालणारे दोन जॅक म्हणजे साडेपाच लिटरच्या वर. टाकीतली पातळी तेवढी उतरते आणि तेवढीच हवा वरून आत येते. रॉड आत आला की ती बाहेर. दिवसाला शंभर फेरे झाले तर साडेपाचशे लिटरहून जास्त हवा त्या एका तोंडातून आत येते. आणि ती हवा कुठली? कचऱ्याच्या हौदालगतची. मार्केट यार्डाच्या बाजूची हळदीची भुकटी, रस्ता झाडल्यावरची धूळ, रसवंतीच्या वाळल्या चिपाडांचा भुसा. चिंधी असताना हे सगळं तेलात गेलं आणि पहिला पंप घासून गेला. पिशवी बांधल्यावर हवाच बंद झाली. टाकीत पोकळी झाली, पंपाला तेल ओढता येईना. सकाळी तेल थंड आणि जाड, त्यामुळं ओढायला आणखी जड. म्हणून सकाळी कुईं. तेलात पोकळ बुडबुडे होतात, ते पंपाच्या प्रेशरच्या बाजूला जाऊन फुटतात आणि धातूचे कण उडवतात. खडी घोळल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच. दुसरा पंप असा आतून खाल्ला गेला.

मग दुपारी का झोपतो? ६८ नंबरच्या तेलाचा हा ६८ आकडा ४० अंश तापमानाचा जाडपणा सांगतो. तेच तेल ८० अंशांवर गेलं की जाडपणा साधारण पाचवा हिस्सा उरतो. पंप घासलेला नसेल तर पातळ तेलही तो ढकलतो. घासलेल्या पंपात गिअर आणि बुशमधली फट वाढलेली असते, आणि फट दुप्पट झाली की तिच्यातून निसटणारं तेल दुप्पट होत नाही, आठपट होतं. थंड जाड तेलानं ती फट झाकून जाते, गरम तेल तिथूनच मागं फिरतं. पुढं जायचं तेल मागं फिरलं की तेही गरमीच तयार करतं, त्यानं तेल आणखी पातळ. दहाला सुरू झालेलं अकराला टोकाला का जातं, ते यामुळं. नुसतं जाड तेल टाकून पंधरा दिवस बरं वाटतं तेही यामुळंच, आणि सकाळचा त्रास मात्र त्यानं वाढतो. आम्ही ६८ टाकून सकाळची कुईं स्वतःच्या हातानं वाढवली होती. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात ६८ चूक नाही, पण आधी सक्शन मोकळं असायला हवं.

या गरमीत ऑपरेटरच्या हाताचा वाटाही मोठा आहे. फावडं शेवटपर्यंत गेलं तरी कचरा आणखी दाबावा म्हणून लिव्हर दाबून धरायची सवय बहुतेकांना असते. तेवढ्या वेळात पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत परत पडतं आणि त्याची सगळी ताकद गरमीत जाते. मिनिटाला ६० लिटरचा पंप आणि १६० बार प्रेशर धरलं तर ती ताकद १६ किलोवॉट भरते. दोन किलोवॉटचे आठ गीझर तेलाच्या टाकीत एकदम सोडल्यासारखं आहे हे. मी हा गीझरचा हिशोब ड्रायव्हर मामांना आणि हेल्परला गाडीपाशी उभं राहून सांगितला. तेव्हापासून रिलीफ व्हॉल्व्हचा सूं आवाज आला की हात सोडायचा, असं ठरलंय. जास्त दाबल्यानं कचरा जास्त बसत नाही, गणपतीनंतरच्या नारळाच्या करवंट्या तर मुळीच बसत नाहीत. त्यांना दोन फेरे द्या, एक लांबवू नका.

दुरुस्ती काय केली? इथं घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून थोडं लांबून सांगतो. पंप मेला म्हणजे त्याचा चुरा सगळ्या गाडीत फिरलेला असतो. जुन्या तेलावर नवा पंप चढवणं म्हणजे नव्या पंपाला जुन्याची राख खायला घालणं. मागच्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं होतं. या वेळी टाकी पूर्ण रिकामी केली, साफसफाईचं झाकण उघडलं, तळाचा गाळ खरवडून काढला. टाकी पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सक्शनच्या जाळीत अडकतात. आम्ही जुनी धुतलेली सुती कापडं वापरली, आणि शेवटचा हात मळलेल्या कणकेच्या गोळ्यानं फिरवला. कणीक बारीक कण उचलते, कोपऱ्यातलेसुद्धा. सक्शनची जाळी काढली तर तिच्या निम्म्या भागावर चिकट काळा थर. सक्शन होज बाहेरून चांगला दिसत होता, कापून पाहिला तर आतलं अस्तर सुटून आत लोंबत होतं. गरम झालं की मऊ पडून ते वाट अडवणार हे उघड होतं. बाहेरून कळत नाही, म्हणून पंप बदलताना हा होज डोळे झाकून बदला, पंपाच्या मानानं किंमत काहीच नाही.

जॅकमध्ये अडकलेलं तेलही काढावं लागतं. होज सोडून, एकेक जॅक मोकळा करून, तेल बादलीत. नवा पंप बसवताना त्यात आधी हातानं तेल भरलं, कोरडा फिरवला नाही. मग नवं तेल, नवा फिल्टर, कमी रेसवर रिकामे फेरे, आणि आठ तास काम झाल्यावर तो फिल्टर पुन्हा बदलला. त्या फिल्टरमध्येही चमक निघालीच. दुसऱ्यांदा बदलला तेव्हा कागद स्वच्छ होता.

नवं तेलसुद्धा स्वच्छ असतं असं धरून चालू नका. बॅरल उघड्यावर उभं ठेवलं की डोक्यावर पावसाचं पाणी साठतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री निवतं, आणि निवताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढतं. बॅरल शेडमध्ये ठेवा, नाहीतर आडवं करा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊ वाजताच्या जागी येतील असं, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात. तेल पांढरट दिसलं तर काचेच्या बाटलीत भरून ठेवा. हवेचा फेस असेल तर काही वेळात खालून वर निवळत जाईल, पाणी असेल तर ताकासारखं तसंच राहील. पाण्याची शंका असेल तर गरम तव्यावर एक थेंब टाका, फोडणीसारखा तडतडला की पाणी आहे. हे लांब उभं राहून, डोळ्यांना चष्मा लावून करा.

ब्रीदर नवा, आत कागद असलेला घेतला आणि पावसाचं पाणी थेट पडू नये म्हणून त्याच्यावर चारी बाजूंनी मोकळी असलेली पत्र्याची छत्री वेल्ड केली. वेल्डिंग अर्थात टाकी रिकामी करून, छत्रीचा पाय टाकीला नव्हे तर शेजारच्या ब्रॅकेटला. हेल्परला जे साधायचं होतं तेच साधलं, फक्त श्वास मोकळा ठेवून.

माती यायची दुसरी वाट म्हणजे जॅकचे रॉड. ओल्या कचऱ्याचं पाणी आंबट असतं, त्यात खारटपणाही असतो. ते रॉडवर वाळत राहिलं की क्रोमवर आधी मिठाच्या दाण्याएवढे ठिपके पडतात, मग खड्डे. नखानं जाणवणारा एक खड्डा प्रत्येक फेऱ्याला सीलची धार कापतो, फिल्टरमधले रबराचे धागे तिथून आलेले. आणि रॉड आत जाताना त्या खड्ड्यात बसलेली घाण सोबत घेऊन जातो. यावर एक फुकटचा उपाय आहे: रात्री गाडी लावताना रॉड जास्तीत जास्त आत राहतील अशा अवस्थेत लावा. आमच्या गाड्या वर्षानुवर्षं फावडं अर्धवट ठेवून लागायच्या, रात्रभर रॉड उघडे. तसंच धुताना जेटची धार रॉडच्या तोंडावर, ब्रीदरवर आणि व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर मारायची नाही. तिथं बादली आणि फडकं. आमच्या दोन रॉडना खड्डे खोल होते, ते नव्यानं हार्ड क्रोम करून घेतले. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या पट्ट्यात लेथ, होनिंग, क्रोमची कामं करणारे पुष्कळ आहेत, फक्त क्रोम करून आल्यावर नवीन सील आणि वायपर (रॉड पुसणारी कडी) न टाकता जुनेच बसवू नका.

जेसीबीलाही हे सगळं लागू आहे, फक्त तिथं ऑइल कूलरच्या जाळीत भुसा आणि धूळ अडकणं हे गरमीचं आणखी एक कारण. कूलर रेडिएटरसमोर असतो, बाहेरून साफ दिसतो, दोघांच्या मधल्या फटीत गादी झालेली असते.

पुराचं वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फुटांवर गेली, धोक्याची पातळी पंचेचाळीस असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर गल्लीगल्लीतला गाळ, भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य या गाड्यांनीच उचललं, दिवसरात्र. त्या आठवड्यांत रॉडवर जो चिखल वाळला त्यानं पुढं वर्षभर सील खाल्ली. असं काम पडलं तर रोज संध्याकाळी रॉड ओल्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवा, दमलेले असलात तरी. आणि गाडीची हायड्रॉलिक टाकी पाण्यात बुडाली असेल तर ‘बघू चालू होतंय का’ म्हणून स्टार्टर मारायचा नाही. आधी हायड्रॉलिक, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, चारही ठिकाणचं तेल तळाच्या बुचातून थोडं सोडून बघा. पाणी जड, ते आधी बाहेर येतं.

दोन नंबरची गाडी आता सकाळी २४ सेकंदांचा फेरा देते आणि या मे महिन्यात दुपारी बाराला २८ चा दिला. चार सेकंदांचा फरक तेल तापल्यावर राहणारच. केबिनमध्ये सन व्हायझरला एक वही अडकवली आहे, ड्रायव्हर मामा सोमवारी सकाळी आणि दुपारी फेरा मोजून आकडा लिहितात. दुपारचा आकडा पस्तिशीच्या पुढं गेला की त्यांनी थेट मला फोन करायचा, गाडी बंद पडायची वाट बघायची नाही. गाडी बंद पडली की तिचा कचरा झाडूवाल्या बायकांना हातानं उचलून ढकलगाड्यांत भरावा लागतो, भर उन्हात.

तीच वही आम्ही बाकीच्या गाड्यांतही ठेवली. चार नंबरच्या गाडीचा आकडा तीन आठवडे चढतोय, आवाज नाही, ब्रीदर मोकळा आहे, पण डावीकडचा सरक जॅक जोडीदारापेक्षा बारा अंश गरम लागतोय. सोमवारी तो उतरवतोय.